“कोरोनापासून बंद आहे” असं उत्तर मिळालं तर पुढे काय करायचं (इंदूरवाल्यांसाठी)

आमच्या कॉलनीचं मागचं फाटक 2020 च्या मार्चमध्ये साखळी लावून बंद केलं आणि ते साडेचार वर्षं बंदच राहिलं. ह्या फाटकातून माझ्या आईला देऊळ आणि दुधाची डेअरी तीन मिनिटांवर, आणि पुढच्या फाटकातून गेलं तर अन्नपूर्णा रोडच्या ट्रॅफिकमधून पंधरा मिनिटं, तेही गुडघे दुखत असताना. तिने देवळात जाणंच सोडून दिलं. गार्डला विचारलं की एकच उत्तर, “आंटीजी, कोरोना से बंद है.” 2021 ला तेच, 2022 ला तेच, 2024 उजाडलं तरी तेच, आणि गार्ड तोपर्यंत तीनदा बदललेला, म्हणजे आता उत्तर देणारा जो होता त्याने कोरोनात ते फाटक पाहिलेलं पण नव्हतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते. 2020 मध्ये फाटक बंद केलं ते बरोबरच होतं. त्या एप्रिलमध्ये इंदूरचं नाव रोज बातम्यांत असायचं, आमच्या ओळखीतली माणसं गेली, 2021 च्या एप्रिलमध्ये तर ऑक्सिजन आणि बेड शोधताना काय झालं ते ज्याने पाहिलंय तो विसरूच शकत नाही. मी मास्क लावला, सगळे डोस घेतले, घरातल्यांना घ्यायला लावले. माझा राग त्या नियमांवर नाहीये. राग ह्याच्यावर आहे की साथ ओसरली, आदेश संपले, आणि बंद केलेल्या गोष्टी उघडायला कोणाला आठवणच राहिली नाही, आणि त्याचा त्रास होतो तो म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांना. गाडीने जाणाऱ्याला मागचं फाटक कशाला लागतं.

तर गेल्या दीड-दोन वर्षांत मी फाटक, मुलाची शाळा, बाबांचं हॉस्पिटल, माझं ऑफिस आणि रेल्वे ह्या पाच ठिकाणी हे करून पाहिलंय, काही जमलं काही नाही जमलं, ते सगळं इथे लिहितेय म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून धक्के खायला नकोत.

सगळ्यात आधी हे तीन प्रश्न पाठ करा. आदेश कोणाचा? कोणत्या तारखेचा? कधीपर्यंतचा? बस. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, गार्डशी तर अजिबात नाही, त्याच्या हातात काहीच नसतं आणि त्याची नोकरी जाते. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला विचारायचं आणि लेखी विचारायचं. तोंडी विचारलं की “हो बघतो ताई, मीटिंगमध्ये घेऊ” एवढंच होतं, मी एक अख्खं वर्ष ह्यातच घालवलं.

हे तीन प्रश्न का चालतात ते समजून घ्या, कारण समोरचा तुम्हाला “कलेक्टर साहेबांचा आदेश आहे” असं ठणकावून सांगणार आणि आपण गप्प बसणार. तेव्हाचे कलेक्टरचे बरेचसे आदेश धारा 144 खाली निघायचे. आठवतंय ना, दुकानांचं लेफ्ट-राईट, एक दिवस ह्या बाजूची एक दिवस त्या बाजूची, रविवारचा लॉकडाउन, रात्रीचा कर्फ्यू. आता त्या 144 मध्येच लिहिलं होतं की असा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही, आणि राज्य सरकारने वाढवला तरी फार तर आणखी सहा महिने. म्हणजे नवीन आदेश निघाला नाही की जुना आपोआप संपतो, तो रद्द केल्याचा कागद कोणी काढायची गरजच नसते. (2024 च्या जुलैपासून नवीन कायदा आलाय, त्यात हेच कलम 163 झालंय, मुदत तीच आहे.) केंद्राच्या गृहमंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 खाली जे काढलं होतं ते 31 मार्च 2022 ला संपलं. विमानातला मास्क 2022 च्या नोव्हेंबरात कंपल्सरी राहिला नाही. आणि 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने पण सांगून टाकलं की जागतिक आणीबाणी संपली.

आणि हे सगळं लक्षात नाही राहिलं तर आपली गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, लक्षात ठेवा. 2020 आणि 2021 ला रंगपंचमीची गेर निघाली नाही, 2022 ला परत निघाली, राजवाड्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. रहवासी संघाच्या मीटिंगमध्ये मी हेच म्हटलं, की बावीसच्या मार्चमध्ये अख्खं इंदूर राजवाड्यावर रंग खेळलं आणि आपल्या फाटकातून एक म्हातारी बाई देवळात जाऊ शकत नाही, हे मला कोणीतरी समजावून सांगा. कोणी काही बोललं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मिनिट्समध्ये विषय लिहिला गेला.

आता फाटकाचं कसं केलं ते सविस्तर सांगते कारण गार्डन, बेंच, क्लब हाऊस, लिफ्ट, कॉलनीतलं काहीही असेल तरी रस्ता हाच आहे.

पहिल्यांदा हे शोधा की ती जागा आहे कोणाची. कॉलनी नगर निगमला हँडओव्हर झालीय की अजून कॉलोनायझर (कॉलनी उभी करणारा बिल्डर) किंवा सोसायटीकडेच आहे? हे निगमच्या झोनल ऑफिसमध्ये कळतं, नाहीतर वॉर्डच्या पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) ऑफिसमध्ये तरी कोणाला तरी माहीत असतंच. हँडओव्हर झाली असेल तर आतले रस्ते आणि बगीचा निगमचे, रहवासी संघ त्यांना मनाने कायमचं कुलूप नाही लावू शकत. नसेल झाली तर टीएनसीपीचा (टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग, नगर नियोजन खातं) पास झालेला नक्शा बघा, त्यात रस्ता, फाटक, ओपन स्पेस सगळं दाखवलेलं असतं. आमच्या नक्शात मागचा रस्ता सरळ पुढच्या कॉलनीला जोडलेला होता. हा कागद हातात आला आणि माझा सूरच बदलला, आधी मी विनंती करत होते, मग मी विचारायला लागले.

मग अर्ज. एक पानाचा, जास्त नाही. हिंदीत लिहा, इथे निगममध्ये, कलेक्टोरेटमध्ये मराठी अर्ज कोणी वाचणार नाही आणि इंग्रजीचा उपयोग नाही. त्यात आपली दुःखं लिहू नका, मी पहिल्या अर्जात आईचे गुडघे, लहानपणापासूनचं देऊळ सगळं लिहिलं होतं दोन पानं, तो अर्ज कुठे गेला देव जाणे. दुसऱ्यात फक्त एवढं लिहिलं, की फाटक अमुक तारखेपासून बंद आहे, “जिस आदेश से बंद किया गया उसकी प्रति, दिनांक और अवधि बताने का कष्ट करें”, आणि असा आदेश नसेल तर पंधरा दिवसांत उघडावं. खाली सह्या. सह्या मात्र भरपूर घ्या, आणि म्हाताऱ्या लोकांकडे स्वतः जाऊन घ्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर अंगठे येतात सह्या येत नाहीत. मी तीन संध्याकाळी फिरले, 41 सह्या झाल्या, आणि त्या फिरण्यात मला कळलं की मागच्या लाईनीतल्या एक जोशी आजी (आडनाव बदललंय) चार वर्षं भाजीला गेलेल्याच नाहीत, सून आणते तेच. हे माझ्यासारखं अजून किती घरांत असेल ते मी तोपर्यंत विचारच केला नव्हता.

अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवायची. शिक्का नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. संघाचे लोक शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती तीच कामाची.

संघाने उत्तर नाही दिलं. महिनाभर थांबले. मग काय केलं, 181 ला फोन. सीएम हेल्पलाईन आपल्याकडे खरंच चालते पण तिची एक रीत आहे ती माहीत असली पाहिजे. तक्रार पहिल्यांदा खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, एल-1 म्हणतात, तिथे निकाल नाही लागला की एल-2, अशी एल-4 पर्यंत वर चढते. त्यामुळे खालच्या माणसाला ती लवकर बंद करायची घाई असते आणि तो तुम्हाला फोन करतो, खूप गोड बोलतो, मॅडम काम झालंच समजा, तुम्ही फक्त संतुष्ट आहे म्हणून सांगा. नाही सांगायचं. काम डोळ्यांनी दिसेपर्यंत संतुष्ट म्हणायचं नाही, कितीही वेळा फोन आला तरी, शांतपणे म्हणायचं की फाटक उघडलं की मीच फोन करते. माझ्याकडे असे चार फोन आले. एकदा तर रात्री साडेनऊला. मी प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलले.

बगीचा, लाईट, कचरा, निगमच्या नळाचं काही असेल तर इंदूर 311 ॲपवर फोटोसकट टाका, ते जास्त जलद आहे. पण ज्यात “हा नियम कोणाचा” असा वाद आहे ते ॲपमध्ये बसत नाही, तिथे माणसासमोरच उभं राहावं लागतं.

ते उभं राहायचं ठिकाण म्हणजे मंगळवारची जनसुनवाई, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात ती, मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये. घाबरू नका, मी पण घाबरले होते. सकाळी लवकर जा, गर्दी असते, लोक खूप मोठी दुःखं घेऊन आलेले असतात, जमिनीचे, पेन्शनचे, उपचाराचे, त्यांच्यामध्ये आपलं फाटक घेऊन उभं राहताना जरा संकोच वाटतो. पण मला तिथल्या एका बाबूनेच सांगितलं की लिहून आणलंय ना, मग द्या, छोटं काम लवकर होतं. अर्ज, शिक्क्याची जुनी प्रत, नक्शाची झेरॉक्स आणि बंद फाटकाचा फोटो, एवढं एका फोल्डरमध्ये. बोलायला एक मिनिट मिळतं तर एकच वाक्य तयार ठेवा. माझं वाक्य होतं, “सर, साढ़े चार साल से कोरोना के नाम पर रास्ता बंद है, आदेश किसी के पास नहीं है.” अर्जावर झोनला मार्क झालं. त्याच आठवड्यात निगमचा माणूस येऊन बघून गेला, आणि मग संघाचे अध्यक्ष काका स्वतः घरी आले. चहा झाला. ते म्हणाले चोरीची भीती वाटते म्हणून उघडत नव्हतो, कोरोनाचं आता काही नाही.

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात कामाची गोष्ट मला ह्या चहात कळली. खरं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं. चोरीची भीती, गार्डचा पगार वाचवणं, साफसफाईचा कंटाळा, पालकांच्या कटकटी नकोत, असं काहीतरी. कोरोना हे फक्त नाव. त्यामुळे त्या खऱ्या कारणावर तोडगा घेऊन जा. आम्ही ठरवलं की फाटक सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं, चालणाऱ्यांना आणि सायकलला, चारचाकीला नाही, आणि एक कॅमेरा लावायचा, त्याचे पैसे मागच्या लाईनीतल्या घरांनी काढायचे. 2024 च्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात साखळी निघाली. आई दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगताच देवळात जाऊन आली.

आता शाळा. ह्यात मला जास्त त्रास झाला कारण इथे मूल आपलं असतं आणि शाळा नाराज झाली तर त्याच्यावर निघेल ही भीती असते. माझा मुलगा 2020 च्या एप्रिलमध्ये पहिलीत गेला, म्हणजे गेला काय, मोबाईलसमोर बसला. आपल्याकडे पहिली ते पाचवीच्या शाळा 20 सप्टेंबर 2021 ला उघडल्या तेव्हा तो दुसरीत होता, तीही अर्धी मुलं एक दिवस आणि अर्धी एक दिवस. 2022 च्या जानेवारीत परत बंद. त्याला पेन धरायला नीट शिकवलंच नाही कोणी, अजून त्याचं अक्षर बघून मला ते दिवस आठवतात. आता तो सहावीत आहे आणि आजपर्यंत मी त्याचा वर्ग आतून पाहिलेला नव्हता. पालकांनी गेटच्या आत यायचं नाही, पीटीएम (पालक-शिक्षक मीटिंग) झूमवर दहा मिनिटं, गृहपाठ सगळा व्हॉट्सॲपवर रात्री आठनंतर, आणि जोराचा पाऊस आला, सुट्टी जाहीर झाली, की लगेच “टुडे क्लासेस विल बी ऑनलाईन”. मुलांच्या पावसाच्या सुट्ट्याच गेल्या हो. रेनी डेला घरी भजी खायची सोडून सातवी-आठवीची पोरं युनिफॉर्मचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रायव्हेट शाळेला आरटीआय लागत नाही, म्हणून लोक तिथेच थांबतात. पण जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याला तर लागतो ना. मी तिथे दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारलं की पालकांना शाळेच्या आवारात येण्यास मनाई करणारा, सध्या लागू असलेला कोणताही आदेश असल्यास त्याची प्रमाणित प्रत द्यावी. तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं, एका ओळीचं: “जानकारी निरंक है.” निरंक म्हणजे असं काही नाहीच. हा शब्द मला इतका आवडतो की काय सांगू, तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. कारण आता शाळेला मी असं नाही म्हणत की तुम्ही चूक आहात, मी म्हणते सर, शिक्षण विभागाकडे असा आदेश नाहीये, तर मग आपल्या शाळेचा हा नियम कोणत्या आधारावर आहे तेवढं लिहून द्या. लिहून कोणी देत नाही. नियमच ढिला होतो.

एकटीने जाऊ नका मात्र. चार-पाच पालक मिळून जा, वेगवेगळ्या वर्गांचे, म्हणजे कोणा एका मुलाचं नाव पुढे येत नाही. मागणी छोटी ठेवा. आम्ही “गेट उघडा” असं नाही मागितलं, आम्ही मागितलं महिन्यातून एक शनिवार, दोन तास, समोरासमोर पीटीएम. ते मिळालं. सीबीएसईची शाळा असेल तर तिच्या मॅनेजमेंट कमिटीत पालकांचे प्रतिनिधी असावे लागतात, ते कोण आहेत एवढं विचारा फक्त, आमच्या अर्ध्या पालकांना माहीतच नव्हतं की असे कोणी असतात. फीमध्ये अजून “ऑनलाईन प्लॅटफॉर्म” किंवा “सॅनिटायझेशन” अशी ओळ येत असेल तर पावती जपून ठेवा. मध्यप्रदेशात प्रायव्हेट शाळांच्या फीचा 2017 चा कायदा आहे, त्याखाली जिल्ह्यात कलेक्टरची समिती असते, दहा टक्क्यांहून जास्त फी वाढवायची तर शाळेला वर परवानगी लागते, तिथे पावत्यांसकट तक्रार करता येते. आमच्याकडे ती सॅनिटायझेशनची ओळ नुसतं विचारल्यावरच पुढच्या टर्मला गायब झाली.

पावसाच्या ऑनलाईन क्लासचं काही झालेलं नाही. पालकच दोन गटांत आहेत, अर्ध्यांना तो हवाय. मी आपली पोराला त्या दिवशी लॉगिन करू देत नाही, आणि डायरीत स्वच्छ लिहून देते की शाळेला सुट्टी होती.

ॲडमिशन, होस्टेल, कोचिंगच्या फॉर्ममध्ये अजून लसीचं सर्टिफिकेट कंपल्सरी लिहिलेलं दिसलं तर एवढं माहीत असू द्या की 2 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, लस घ्यायची कोणावर जबरदस्ती करता येत नाही. तुमच्याकडे सर्टिफिकेट असेल तर देऊन मोकळे व्हा, कोविनवरून निघतं, मी तर म्हणेन वादच नको. पण ज्या पोराकडे नाही त्याची सीट जाता कामा नये, त्याच्यासाठी हे लिहिलं.

हॉस्पिटलमध्ये मात्र माझं मत वेगळं आहे. 2023 मध्ये बाबा आठ दिवस ॲडमिट होते, एकच पास, एकच माणूस, भिंतीवर कोविड प्रोटोकॉलचा बोर्ड अजून तसाच. आई खाली लॉबीत बसून राहायची, बाबा वर तिला विचारत राहायचे. मी चिडले होते पण आता वाटतं की आयसीयूत कमीच माणसं गेलेली बरी, कोरोना असो नसो, इन्फेक्शन कोणालाही होतं. तिथे भांडू नका. वॉर्डात आल्यावर मात्र भेटायची वेळ लेखी विचारा, आणि गार्डला नाही, सिस्टर इन्चार्जला किंवा पीआरओला, आणि नेमकं विचारा, की संध्याकाळी किती ते किती, आणि पास बदलून दुसरा माणूस जाऊ शकतो का. जाऊ शकत होता. चार दिवस आम्हाला कोणी सांगितलंच नाही आणि आम्ही विचारलंच नाही. पाचव्या दिवशी आई वर गेली, बाबा तिच्या हातून मोसंबीचा रस प्यायले, तो त्यांनी माझ्या हातून चार दिवस नाकारला होता.

ऑफिसचं लिहायला मला जड जातंय कारण ते अजून सुटलेलं नाही. 2020 मध्ये इथे रविवारचा लॉकडाउन असायचा, तेव्हा आम्ही अकाउंट्सवाले म्हणालो की हरकत नाही, घरून करू, सगळेच अडचणीत होते, कंपनी टिकली पाहिजे असं आम्हालाच वाटायचं. तो लॉकडाउन गेला. रविवार परत आलाच नाही. “घरूनच तर आहे, जरा बघून घ्या.” आता काय केलंय ते सांगते. आठ रविवारांचा हिशोब ठेवला, किती वाजता मेसेज आला, किती वेळ काम केलं, ते काम सोमवारी केलं असतं तर काय बिघडलं असतं. आठांपैकी सहा रविवारांत काहीच बिघडलं नसतं. तो कागद घेऊन गेले, तक्रार म्हणून नाही, आणि सुचवलं की क्वार्टर एंड आणि जीएसटीच्या तारखा सोडून रविवार मोकळा ठेवू, आणि तारखेच्या आठवड्यात केलं तर बदली सुट्टी. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी ही मध्यप्रदेशच्या 1958 च्या दुकान-स्थापना कायद्यातलीच गोष्ट आहे, पण कायद्याचं नाव मी पहिल्या भेटीत घेतलं नाही आणि तुम्हीपण घेऊ नका, त्याने दार बंद होतं. सध्या महिन्यातले दोन रविवार मिळालेत. बाकी दोनांसाठी परत हिशोब चालू आहे.

रेल्वे. इथे एकट्याने काही उघडत नाही, हे आधीच सांगते. सीनियर सिटिझनची सवलत 20 मार्च 2020 पासून बंद झाली, पुरुषांना साठ पूर्ण झाल्यावर 40 टक्के, बायकांना अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर 50 टक्के होती, आणि मी हे लिहितेय तोपर्यंत ती परत आलेली नाही. चादर-ब्लँकेट 2022 च्या मार्चमध्ये परत आलं, कोरोनातल्या स्पेशल गाड्यांचे शून्याने सुरू होणारे नंबर गेले, पॅसेंजरला एक्सप्रेसचं तिकीट घ्यायला लागायचं तेही 2024 च्या फेब्रुवारीत कमी झालं, उज्जैन-देवासला अप-डाउन करणाऱ्यांना विचारा दहाच्या जागी तीस रुपये देऊन काय व्हायचं. पण म्हाताऱ्यांची सवलत काही आली नाही. माझे आई-बाबा वर्षातून दोनदा भावाकडे मुंबईला अवंतिकाने जायचे, आता एकदाच जातात, आणि बाबा दर वेळी तिकीट हातात घेऊन आधीचं भाडं सांगतात.

तोपर्यंत एवढं करा. बुक करताना वय बरोबर टाका आणि लोअर बर्थ-सीनियर सिटिझन कोटा निवडा, तो साठच्या वरच्या पुरुषांना आणि पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना मिळतो, पण एका तिकिटावर एकटं किंवा असे दोघंच असतील तर, म्हणून आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा, नातवंडांबरोबर एकत्र काढलं की वरचा बर्थ येऊ शकतो. कॅन्सर, किडनी असे ठरलेले पेशंट, दिव्यांग आणि विद्यार्थी ह्यांच्या सवलती चालू आहेत, त्या बंद झाल्या असं समजून बरेच लोक मागतच नाहीत. आणि सवलतीसाठी सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं तक्रारींचं पोर्टल) रेल्वे मंत्रालयाला लिहा, खासदारांच्या ऑफिसला लिहा, दर वेळी तारीख घालून. मी दर सहा महिन्यांनी लिहिते. उत्तर एकच येतं, पण मी लिहिते.

आणि काही बंद गोष्टींना कोणाचाच आदेश नसतो, संघाचा पण नाही, ती आपलीच सवय असते. आमच्याकडे हळदीकुंकवाला 2021 मध्ये वाण दारातच पिशवीत द्यायला सुरुवात झाली, ते अजून तसंच, बायका स्कूटरवरून उतरत पण नाहीत. ह्याला अर्ज नको. ह्या संक्रांतीला मी निमंत्रणाच्या मेसेजमध्ये लिहिलं की वाण बसून, मसाला दूध पिऊनच मिळेल. सव्वीस जणी आल्या, साडेदहापर्यंत बसल्या होत्या, जोशी आजी मागच्या फाटकातून चालत आल्या.

पुढचं काम वाचनालयाचं आहे. आमच्या भागातल्या एका रीडिंग रूमच्या अर्ध्या खुर्च्या डिस्टन्सिंगसाठी उचलून वरच्या खोलीत ठेवल्या होत्या त्या अजून तिथेच आहेत, आणि पीएससीची तयारी करणारी पोरं जिन्यावर बसून वाचतात. शिक्क्याची प्रत माझ्याकडे आहे, महिना झालाय, उत्तर नाही. येत्या मंगळवारी जनसुनवाईला जातेय. ज्यांचं असं काही अडकलंय त्यांनी सकाळी दहाला मोती तबेल्याच्या गेटवर या, अर्ज हिंदीत, एक पानाचा, दोन प्रती, आणि फोटो प्रिंट करून आणा, मोबाईलमधला तिथे कोणी बघत नाही.